जुन्या बुलेटचे नट-बोल्ट नेमके किती आवळायचे?

साताराफटफटी
मंडळी, कास्ट आयर्न इंजिनाची (सिलिंडर बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं) बुलेट ३५० आहे, सत्तरच्या दशकातली. हेड आणि सिलिंडर उतरवलंय, आता परत बसवायचंय. हँडबुकात टॅपेट, पॉइंटचा गॅप, तेल किती हे सगळं आहे, पण कुठला नट किती आवळायचा याचे आकडे नाहीत. नेटवर तीन तक्ते मिळाले. एक फूट-पौंडात, एक किलोग्रॅम-मीटरमध्ये, एक न्यूटन-मीटरमध्ये. रूपांतर करून पाहिलं तरी तिघांचं जुळत नाही. टायमिंग साइडच्या कव्हरचे दोन स्क्रू आधीच फिरफिर करतायत. माझ्याकडे अर्धा इंची चौकोनाचा (सॉकेट बसतो तो चौकोन) क्लिकवाला टॉर्क पाना आहे, म्हणजे लावलेला फिरवायचा जोर गाठला की क्लिक वाजवणारा, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा. विचारायचंय ते एवढंच: हेडचे नट, रॉकरचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांचे) ब्लॉक, कव्हरचे स्क्रू आणि ड्रेन प्लग यांना काय आकडे धरू? आणि आटे कोरडे ठेवायचे की तेल लावून?

आटेमोजणी
आकड्याच्या आधी आटे ओळखा. जुन्या बुलेटवर इंची आटे आहेत, आणि पन्नास वर्षांत चार हातांखालून गेलेल्या गाडीवर मध्येच कुठेतरी मेट्रिक बोल्ट ठोकलेला असतोच. चुकीचा बोल्ट असेल तर टॉर्क पाना जो आकडा दाखवतो त्याला काही अर्थ उरत नाही.

दोन जोड्या विशेष फसव्या आहेत.

पहिली जोडी पाव इंच आणि एम६ (६ मिमीचा मेट्रिक). पाव इंची बीएसएफ (ब्रिटिश बारीक आटे) किंवा सायकल थ्रेडला इंचात २६ आटे, एम६ ला १ मिमी पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) म्हणजे इंचात २५.४. पिच जवळपास सारखा, म्हणून एम६ चा स्क्रू पाव इंची भोकात हाताने सरळ आत जातो. पण त्याची जाडी ६ मिमी आणि भोक ६.३५ मिमीच्या स्क्रूसाठी केलेलं. आटे फक्त टोकाटोकांनी धरतात. अर्ध्या जोरातच ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. तुमचे फिरफिर करणारे दोन स्क्रू आधी व्हर्नियरने मोजा. बाहेरून ५.९ च्या आसपास आले तर कारण सापडलं.

दुसरी जोडी ५/१६ आणि एम८. ७.९४ आणि ८ मिमी, जाडीत फरक कळत नाही. पण ५/१६ बीएसएफला इंचात २२ आटे, व्हिटवर्थला (ब्रिटिश जाड आटे) १८, आणि एम८ ला साधारण २०.३. इथे एम८ बोल्ट दोन-तीन फेरे जातो आणि जाम होतो. तिथून पुढे पान्याने रेटला की २० न्यूटन-मीटरला क्लिक वाजतो, आणि खाली दाब शून्य. सगळा जोर आटे चिरडण्यात गेलेला.

पिच गेज नसेल तर दहा आट्यांचं अंतर मोजा. २६ आट्यांचं ९.७७ मिमी, २२ चं ११.५५, २० चं १२.७, १८ चं १४.१. एम८ चं १२.५ येतं, म्हणजे इंचातल्या २० आट्यांच्या इतकं जवळ की डोळ्याला फसवेल. तिथे जाडी पण बघा. गेज घेणार असाल तर ५५ अंशांचा व्हिटवर्थ आणि ६० अंशांचा मेट्रिक, दोन्ही पाती हवीत. सायकल थ्रेडचा कोनही ६० अंशच असतो हे लक्षात ठेवा.

पाने पण तसेच. पाव इंची बीएसएफचं डोकं ११.३ मिमी, ५/१६ चं १३.३, ३/८ चं १५.२. तेरा नंबर बसत नाही म्हणून चौदा लावला की कोपरे गेलेच. व्हिटवर्थचे रिंग पाने घ्या. त्यांच्यावर बोल्टची जाडी लिहिलेली असते, डोक्याचं माप नाही, त्यामुळे दुकानात नीट बघून घ्या.

न्यूटनमीटर
तक्ते का जुळत नाहीत, ते सांगतो.

आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण, म्हणजे तो दोन भागांना किती दाबून धरतो ते. पान्यावर आपण मोजतो फिरवायचा जोर. त्या जोरातला निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि जेमतेम दहा टक्के ताण द्यायला उरतो. म्हणून घर्षण थोडं बदललं की ताण खूप बदलतो.

८.८ छापाचा (डोक्यावरचा हा आकडा बोल्टच्या ताकदीचा दर्जा सांगतो) एम८ बोल्ट घ्या आणि २५ न्यूटन-मीटरला आवळा:

कोरडे स्वच्छ आटे: ताण साधारण १.६ टन.
इंजिन ऑइल लावलेले: साधारण २.१ टन.
मॉलिब्डेनम ग्रीस लावलेले: साधारण २.९ टन.

आणि त्या बोल्टचं सहनशक्तीचं टोक सुमारे २.४ टन. म्हणजे कोरड्यासाठी दिलेला आकडा मॉली ग्रीसवर वापरला तर बोल्ट कायमचा ताणला जातो, क्लिक मात्र अगदी बरोबर वाजतो. कोरड्याचा आकडा असेल आणि तेल लावणार असाल तर एक चतुर्थांश कमी करा. मॉली असेल तर जवळपास निम्म्यावर आणा, किंवा सरळ वापरूच नका. थ्रेडलॉकही (नट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) ओला असताना हलक्या तेलासारखाच वागतो.

तक्ता कोणाचा, कशासाठी, हेही पाहावं लागतं. होंडाच्या मॅन्युअलमधला सर्वसाधारण तक्ता असा: ५ मिमी ५, ६ मिमी १०, ८ मिमी २२, १० मिमी ३५, १२ मिमी ५५ न्यूटन-मीटर. यामाहाचा: ६ मिमी ६, ८ मिमी १५, १० मिमी ३०, १२ मिमी ५५, आणि हे स्वच्छ कोरड्या आट्यांसाठी. दोघेही नावाजलेले, तरी ६ मिमीला एकाचे १० आणि दुसऱ्याचे ६. त्यातला कुठलाच चूक नाही. जुन्या ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या छोट्या स्क्रूला मी यामाहाच्या बाजूने राहीन.

इंची मापांना यावरून अंदाज काढता येतो. पाव इंच एम६ पेक्षा जरासा जाड. ५/१६ बीएसएफ एम८ पेक्षा पाच-दहा टक्क्यांनी कमी ताकदीचा. ३/८ ला एम१० च्या सुमारे ८० टक्के धरा. म्हणजे ॲल्युमिनियममध्ये, आटे शाबूत असताना, तेलाचा हलका हात फिरवून:

पाव इंच: ७ ते ८
५/१६: १५ ते १८
३/८: २५ ते ३०

हे न्यूटन-मीटर. हेडच्या नटांना याच मापांचं वरचं टोक धरा, किंचित पुढे गेलं तरी चालेल. पण कारखान्याचा तुमच्याच मॉडेलचा सर्व्हिस मॅन्युअल हाती लागला तर माझे आकडे बाजूला ठेवून तोच घ्या.

रूपांतर एकदा वहीत लिहून ठेवा: १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, १ फूट-पौंड म्हणजे १.३६. इंच-पौंडातला तक्ता हाती आला तर फारच सांभाळून. ९० इंच-पौंड म्हणजे १० न्यूटन-मीटर. तेच ९० फूट-पौंड समजून लावलं तर १२२. ६ मिमीचा बोल्ट तिथपर्यंत पोचणारच नाही म्हणा, आधीच तुटेल.

घाटावरची_गाडी
स्टेनलेसचं कोणी बोललं नाही. हल्ली सगळ्यांना चकचकीत स्टेनलेस ॲलन बोल्ट लावायची हौस. बाजारात मिळतात ते बहुतेक ए२-७० छापाचे. त्यांची सहनशक्ती ८.८ च्या सत्तर टक्के. ८.८ चा आकडा त्यांना लावू नका. शिवाय स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवला की आटे एकमेकांना चिकटून जाम होतात, मग करवतीशिवाय सुटत नाहीत. ॲल्युमिनियममध्ये लावायचेच असतील तर थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, आकडा उतरवा, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा सोडवून बघा. ओलाव्यात ॲल्युमिनियम खातं.

आणि डोक्यावर काहीच छाप नसलेला बोल्ट ४.६ चा समजायचा. तसा एम८ दहा न्यूटन-मीटरला थांबवायचा.

वर्कशॉप_काका
आकडे सगळे ठीक, पण साताराकर, तुमचा पाना ४० पासून सुरू होतो. तुमच्या यादीतलं एकही काम त्याने होणार नाही! तो आसाच्या नटाला ठेवा. हेड आणि कव्हरला पाव इंची चौकोनाचा ५ ते २५ वाला पाना हवा, आणि ३/८ च्या नटांसाठी मधला, १० ते ६० च्या पट्ट्यातला. क्लिकवाला पाना त्याच्या कमाल आकड्याच्या खालच्या वीस टक्क्यांत कधी भरवशाचा नसतो.

लगेच विकत घ्यायचा नसेल तर सामान वजन करायचा हुकवाला डिजिटल काटा आणि रिंग पाना घ्या. नटाच्या मध्यापासून हुक अडकवलेल्या जागेपर्यंतचं अंतर मिमीमध्ये मोजा. मग

काट्यावरचे किलो = हवे ते न्यूटन-मीटर × १०२ ÷ अंतर

कव्हरच्या स्क्रूंच्या जागी षटकोनी डोक्याचे बोल्ट असतील, ८ न्यूटन-मीटर हवेत आणि अंतर १५० मिमी आहे, तर ५.४ किलो. ५/१६ च्या नटाला १८ हवेत आणि २०० मिमीचा पाना, तर ९.२ किलो. काटा पान्याला काटकोनात आणि हळू, एकसारखा ओढायचा. तिरका ओढला की कमी भरतं, झटका दिला की जास्त.

याच हिशेबाने क्लिक पानाही तपासता येतो. चौकोन व्हाइसमध्ये धरून पाना आडवा ठेवा आणि मुठीच्या मध्यावर, चौकोनापासून ४० सेंमीवर, वीस किलो टांगा. ७८ न्यूटन-मीटर झाले, अधिक पान्याच्या स्वतःच्या वजनाचे दोन-अडीच. ७५ ला लावला असेल तर वाजलाच पाहिजे, ८५ ला लावला तर वाजता कामा नये. वीस लिटरचा पाण्याचा कॅन चालतो, रिकाम्या कॅनचं वजन मात्र धरा.

क्लिक झाला की थांबायचं. "अजून एकदा खात्री" म्हणून दुसरा-तिसरा क्लिक देणाऱ्यांनी किती स्टड (दोन्ही टोकांना आटे असलेले, केसमध्ये बसवलेले दांडे) ओढून काढलेत त्याला गणती नाही. त्या पान्याने नट सोडवू नका. काम झालं की सर्वात कमी आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली नको.

हेडच्या एखाद्या नटाला सॉकेट पोचत नाही, तिथे क्रोफूट (बाजूने अडकवायचं उघड्या तोंडाचं सॉकेट) लावायचा तर तो पान्याच्या काटकोनात लावा, आकडा तोच राहतो. सरळ रेषेत लावला तर लांबी वाढते. ३०० मिमीच्या पान्याला ५० मिमीचा क्रोफूट सरळ लावला तर २५ साठी पाना २१.४ ला ठेवायचा.

साताराफटफटी
मोजलं. दोन्ही स्क्रू ५.९, बाकीचे ६.३. आटेमोजणींचा अंदाज तंतोतंत. आता त्या भोकांचं काय? आणि हेडला क्रम काय धरू?

आटेमोजणी
भोकं वाचतील. पाव इंची भोकाचे आटे सोलले की आत ६.३ मिमीच्या जवळपास जागा होते, आणि एम६ च्या हेलिकॉइलला (भोकात बसवून नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) ड्रिल लागतं नेमकं ६.३ मिमीचं. म्हणजे ड्रिलला कापायला फारसं काही उरत नाही, नुसतं साफ करून घ्यायचं. मग हेलिकॉइलचाच टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचा. साधा एम६ टॅप नाही, त्याचा बाहेरचा व्यास मोठा असतो, ७.३ च्या आसपास. ॲल्युमिनियमला रॉकेल लावत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप काटकोनात राहावा म्हणून ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरून हातानेच फिरवा, मशीन सुरू करायचं नाही. कॉइल ९ मिमी लांबीचं, म्हणजे दीडपट. वरच्या पातळीपासून पाव ते अर्धा आटा खाली उतरवा, मग खालची दांडी पंचने तोडून बाहेर काढा. ती दांडी क्रँककेसमध्ये पडू देऊ नका, ग्रीस लावलेली कापसाची बोळी आधीच खाली ठेवा.

आता त्या दोन जागी एम६ आणि बाकी ठिकाणी पाव इंची अशी भेसळ राहील. पुढच्याला कळावं म्हणून त्या दोन स्क्रूंना वेगळ्या डोक्याचे बोल्ट लावा. सगळंच एम६ करायचं असेल तर सगळ्या भोकांना कॉइल घाला, पण जे आटे चांगले आहेत ते कशाला काढायचे?

कव्हर बसवण्याआधी काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याची कड फिरवून बघा. स्क्रूंच्या भोकांभोवती उंचवटे असतील तर कोणीतरी आधीच जास्त आवळलंय. जास्त आवळल्याने तेल थांबत नाही, उलट दोन स्क्रूंच्या मधला भाग उचलला जातो आणि तिथूनच गळतं. आपल्याकडे गळती दिसली की पहिला हात पान्याकडे जातो, तो कव्हरच्या कडेकडे जायला हवा.

न्यूटनमीटर
हेडचं सांगतो.

स्टड आधी तपासा. प्रत्येक स्टडवर स्वच्छ नट हाताने शेवटपर्यंत फिरवा. ठरावीक जागी अडला आणि पुढे पुन्हा मोकळा झाला तर तिथे स्टड ताणलेला आहे. पिच गेज लावली की तिथे फट दिसते. असा स्टड बदला, त्याला आकडा लावून काही होणार नाही. नवा स्टड घालताना ॲल्युमिनियममध्ये त्याला टॉर्क द्यायचा नसतो. जाड आट्यांचं टोक आत, बारीक आट्यांचं नटाकडे. आट्यांचा शेवट येईपर्यंत हाताने, मग दोन नट एकमेकांवर लॉक करून जेमतेम घट्ट. भोकाच्या तळाला टेकवून आवळू नका, आणि भोकात तेल साचलेलं नको. बंद भोकातलं तेल दाबलं गेलं की केस तडकते.

नटांखाली सपाट, कडक वॉशर. मऊ किंवा वाकलेला वॉशर असेल तर टॉर्क लागताना तो दबत राहतो. आट्यांना आणि वॉशरच्या वरच्या बाजूला इंजिन ऑइलचा एक-एक थेंब. सगळ्या नटांना सारखंच, एक कोरडा एक ओला असं नको.

क्रम समोरासमोरचा, कर्णाने. तीन टप्पे: ३० वर जायचं असेल तर १०, २०, ३०. शेवटच्या टप्प्यात पाना थांबत-थांबत हलवू नका, एका सलग ओढीत क्लिक आणा. मध्ये थांबलात तर पुन्हा सुरू करायला जास्त जोर लागतो आणि क्लिक लवकर वाजतो.

इंजिन एकदा चांगलं गरम करून रात्रभर गार होऊ द्या. मग एकेक नट पाव फेरा ढिला करून परत पूर्ण आकड्याला आणा. सगळे एकदम ढिले करू नका. गार इंजिनावरच.

आणि यानंतर बुलेटवाले हमखास विसरतात ते: टॅपेट पुन्हा बघा. या इंजिनात गार असताना पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी दांडी) बोटाने गरगर फिरावा पण वर-खाली खेळ नसावा, अशी सेटिंग असते. पॅकिंग दबलं, हेड किंचित खाली आलं, की पुशरॉड आपोआप टाइट होतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. लोक पेट्रोलला दोष देत बसतात.

वर्कशॉप_काका
रॉकर ब्लॉकचं राहिलं. तिथे आकड्यापेक्षा हाताची परीक्षा मोठी. ब्लॉकचे दोन भाग जोडीचे असतात, अदलाबदल करू नका, उतरवतानाच खुणा करा. चारही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक वेळी रॉकर बोटाने हलवून बघा. पूर्ण आवळल्यावरही रॉकर मोकळा हलला पाहिजे. जड झाला तर टॉर्क कमी करून सोडवायचं नाही, ब्लॉकच्या जोडाची बाजू नीट बसतेय का ते पाहायचं. खाली मऊ ॲल्युमिनियमचं हेड आहे, म्हणून ५/१६ असेल तर १५ च्या पुढे जाऊ नका.

ड्रेन प्लगला नवा वॉशर लावला तर १८-२० पुरे. तांब्याचा जुनाच वापरायचा असेल तर लालसर तापवून पाण्यात बुडवा, मऊ होतो. जुना कडक वॉशर ठेवून गळती थांबवायला प्लग आवळत राहिल्यानेच केसचे आटे जातात.

टायमिंग कव्हर उघडलं आहेच म्हणून सांगतो: क्रँकच्या टोकाचा, ऑइल पंप फिरवणारा वर्म नट डाव्या आट्यांचा आहे. उलटा फिरवून सोडवायचा. नेहमीच्या बाजूने जोर लावत बसलात तर सुटणार नाही, आवळला जाईल आणि तुटेल.

घाटावरची_गाडी
हाताचा अंदाज अगदीच टाकाऊ ठरवू नका बुवा. छोट्या बोल्टचा पाना छोटा असतो तो त्याचसाठी. दहा नंबरचा रिंग पाना बोटांनी मधोमध धरून ओढला तर ६ मिमीला साधारण बरोबर बसतं.

न्यूटनमीटर
कव्हरपुरतं मान्य, चांगल्या हाताला. हेडवर नाही, कारण तिथे प्रत्येक नटावर सारखा ताण हवा, आणि हाताला सारखेपणा कळत नाही. एक गोष्ट मात्र हातालाच आधी कळते, पान्याला नाही: फिरवताना जोर वाढायचा थांबला आणि पाना लोण्यात फिरल्यासारखा गेला, तर क्लिकची वाट बघू नका. आटे सुटतायत किंवा स्टड ताणतोय. तिथेच थांबा, उलटा फिरवून काढा आणि बघा.

साताराफटफटी
शेवटचं एक. स्पार्क प्लग?

आटेमोजणी
१४ मिमीचा, ॲल्युमिनियम हेड, आटे कोरडे आणि स्वच्छ: २५ ते ३० न्यूटन-मीटर. पाना नसेल तर हाताने टेकेपर्यंत, मग नव्या वॉशरला अर्धा फेरा, वापरलेल्या प्लगला साधारण एक द्वादशांश फेरा, म्हणजे घड्याळाचा एक तास. ग्रीस किंवा अँटी-सीझ लावू नका, प्लगच्या आट्यांवर आधीच लेप असतो. आणि प्लग इंजिन गार असतानाच काढा-घाला.